तारेची जाडी

तारेची जाडी हा मासिकांत लिहिण्याजोगा विषय नव्हे, असें पुष्कळांस वाटेल. आणि वायरमनला विचारून दोन मिनिटांत ज्याचा निकाल लागतो त्यावर चार पानें खर्चीं घालणारा मनुष्य बराच रिकामा असला पाहिजे, असेंही कोणी म्हणेल. आमचें म्हणणें इतकेंच कीं, हा प्रश्न आतां घरोघरीं येऊं घातला आहे. विजेवर चालणारी मोटार ज्यांनीं घेतली, किंवा जे घेण्याच्या बेतांत आहेत, त्यांना आज ना उद्यां आपल्या गॅरेजपर्यंत एक स्वतंत्र वाहिनी न्यावी लागेल, व तेथें मुख्य फलकाचें एक धाकटें भावंड, वायरमनच्या भाषेंत दुसरी 'डी. बी.', बसवावी लागेल. तिच्याकडे जाणारी तार किती जाड असावी हें ठरवितांना दुकानदार, वायरमन, चिरंजीव आणि इंटरनेट असे चार शास्त्री चार निरनिराळे निर्णय देतील. आमच्या घरीं ते दिले गेले, आणि त्यांतून वाट काढण्याचें काम आयुष्यभर तर्कशास्त्र शिकविणाऱ्या मनुष्यावर येऊन पडलें.

आम्ही नागपूरजवळ वाडीस राहतों. अमरावती रस्त्यानें नागपूर सोडून पश्चिमेकडे निघालें म्हणजे जेथें मालमोटारींच्या रांगा, गोदामें आणि वजनकांटे लागूं लागतात तें आमचें गांव. जवळच आंबाझरीची आयुध निर्माणी व तिची वसाहत आहे. तिला सारे लोक नुसतें 'डिफेन्स' म्हणतात. बाकी सर्व ले-आऊटमागून ले-आऊट. आमच्या वडिलांनीं निर्माणींतील नोकरीच्या उत्तरार्धांत असाच एक भूखंड घेऊन घर बांधलें, आणि मागल्या अंगास स्कूटर ठेवण्याकरितां पत्र्याच्या छपराची एक खोली काढली. तिला गॅरेज हें भारदस्त नांव तेव्हांपासून आहे. प्रत्यक्षांत तेथें स्कूटरपेक्षां हिवाळ्यांतले कूलर, संत्र्यांच्या रिकाम्या पेट्या आणि आमच्या जुन्या मासिकांचे गठ्ठे यांचाच मुक्काम अधिक असे. वीज होती ती एका दिव्यापुरती, आणि ती नेणारी तार ॲल्युमिनियमची. त्या काळीं तांबें परवडत नसल्यामुळें पुष्कळ घरांत तशाच तारा घातल्या जात.

यंदा चैत्रांत चिरंजीवांनीं विजेची मोटार आणली. ते बुटीबोरीस एका कारखान्यांत नोकरीला आहेत; जाऊन येऊन रोज साठेक किलोमीटर पडतात. मोटारीबरोबर भिंतीवर टांगावयाची एक पेटी आली. ती ३२ अँपियर घेते, म्हणजे २३० व्होल्टांच्या दाबावर ७ किलोवॅटांहून कांहींसें अधिक. दोन वातानुकूलन यंत्रें आणि दोन गीझर एकदम चालविले तर जेवढें होईल तेवढें. शिवाय गीझर दहा-पंधरा मिनिटांत थांबतो, इस्त्री मधून मधून विसावा घेते. मोटार एकदां तारेला लागली कीं तासन् तास सारख्याच जोरानें ओढीत राहते. घरांतील दुसऱ्या कोणत्याही उपकरणाला ही संवय नाहीं.

आमचें मीटर फाटकाजवळ आणि गॅरेज मागल्या कुंपणाशीं. मध्यें सारें घर. वायरमननें पावलांनीं मोजून तीस मीटर अंतर काढलें. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे जिन्याजवळून वर, गच्चीच्या स्लॅबवरून, आणि आमच्या मातोश्रींच्या खोलीच्या भिंतींतून खालीं. मातोश्रींचें वय ८४. त्यांचा पलंग त्याच भिंतीला लागून आहे, आणि गुडघ्यांमुळें रात्रीं कोणाच्या हाताच्या आधाराशिवाय त्यांना उठतां येत नाहीं.

"सर, चारची टाकून देतों," वायरमन म्हणाला. "बत्तीस अँपियर आरामांत घेते. कांहीं नाहीं होत."

हें 'कांहीं नाहीं होत' आमच्या नागपूरकडील एक सर्वव्यापी आश्वासन आहे. त्याच्या भरंवशावर आम्ही 'कुत्र्यापासून सावध' अशी पाटी लावलेल्या फाटकांतून आंत शिरलों आहों, व पुरांत बुडालेल्या पुलावरून गेलेल्या एस. टी. त बसलों आहों. परंतु वायरमन खोटें बोलत नव्हता. दुकानदारानें दिलेल्या पत्रकांत चारच्या तारेसमोर ३२ हाच आंकडा छापलेला होता. चिरंजीवांनींही तो पाहिला होता, आणि त्यांच्या दृष्टीनें वाद तेथेंच संपला होता.

येथें वाचकांसाठीं एक खुलासा करून ठेवतों. वायरमन 'चार एमएम' म्हणतो तेव्हां त्याला चार मिलिमीटर जाडी अभिप्रेत नसते. तारेचा छेद चार चौरस मिलिमीटर आहे, एवढाच त्याचा अर्थ. खरोखर चार मिलिमीटर व्यासाची तार घेतली, तर तिचा छेद साडेबारा चौरस मिलिमीटर भरेल. वडिलांच्या वेळच्या बिलांवर याहूनही गूढ भाषा आढळते: 'सात-बावीस' म्हणजे बावीस गेजच्या सात तारांचा पीळ. गेजमध्यें आंकडा वाढला कीं तार बारीक होते. कारण तार जितक्या अधिक वेळां सांच्याच्या भोंकांतून ओढावी तितकी ती बारीक होत जाते, व मूळ मोजणी त्या ओढण्यांची. चिरंजीवांनीं इंटरनेटवरून जें अमेरिकन कोष्टक काढलें होतें त्यांत हीच उलटी मोजणी होती, दाबही निराळा होता, आणि घरें लांकडाचीं होतीं. तें आम्हीं आदरपूर्वक बाजूला ठेविलें.

पण दुकानदाराच्या पत्रकाचें काय करावें? तर्कशास्त्राच्या तासाला आम्ही विद्यार्थ्यांना सांगत आलों आहों कीं, अनुमान बिनचूक दिसलें म्हणजे आधारविधानें तपासावीं. मोटारीला ३२ पाहिजेत. चारची तार ३२ नेते. म्हणून चारची तार पुरे. अनुमान निर्दोष आहे. मधल्या विधानांत मात्र एक अट दडलेली असते, आणि ती आमच्या महाविद्यालयांतील पदार्थविज्ञानाच्या एका सहकाऱ्यांनीं चहाच्या वेळीं उलगडून सांगितली.

तांब्याच्या तारेवर पीव्हीसीचें जें आवरण असतें तें ७० अंशांपर्यंतची उष्णता वर्षानुवर्षें सोसतें. त्यापुढें तें एकदम पेटत नाहीं. हळूहळू कडक होतें, तडकतें, आणि मग एके दिवशीं उघड्या पडलेल्या दोन तारा एकमेकींस भेटतात. आतां कोष्टक असें धरून चालतें कीं, भोंवतालची हवा ३० अंश आहे. म्हणजे प्रवाहामुळें तापण्यास तारेला ४० अंशांची सवड मिळाली. पाइपांतून जाणारी चारची तार ३२ अँपियर नेतांना ही सवड जवळजवळ सगळी खर्च करून टाकते. भोंवतालची हवाच ५० अंश असेल तर सवड उरते २० अंशांची, निम्मी. प्रवाह मात्र निम्मा करावा लागत नाहीं. कारण तारेंत उत्पन्न होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते, हा जूल यांनीं १८४१ सालीं प्रसिद्ध केलेला नियम येथें उपयोगी पडतो. निम्म्या उष्णतेला प्रवाह लागतो एकाच्या जागीं ०·७१. या हिशेबानें चारच्या तारेचे ३२ आमच्या उन्हाळ्यांत २३ होतात; सहाच्या तारेचे ४१ चे २९; दहाच्या तारेचे ५७ चे ४०. कोष्टकाच्या गांवीं जें काम चारनें भागतें त्याला वाडींत दहा लागते; मधल्या सहानेंही तें भागत नाहीं.

आंकड्याला गांव असतें, ही गोष्ट आम्हांला या निमित्तानें फार स्पष्ट दिसली. ३० अंश हें वाडींत पौष-माघांतल्या दुपारचें तापमान आहे. वर्षाचे चार महिने ज्याला आम्ही ओळखतही नाहीं अशा हवेंत मोजलेला आंकडा पत्रकावर छापून आमच्या हातीं येतो, आणि तो छापलेला आहे म्हणून आम्ही त्याला सर्वत्र खरा मानतों. पत्रकाच्या तळाशीं हवेचें मान बारीक अक्षरांत दिलेलें असतें, हें सांगणें न्यायाचें होईल. परंतु बारीक अक्षरें वाचण्याची रीत विमापत्राच्या बाबतींतही आपल्याकडे नाहीं.

चिरंजीवांचा आक्षेप असा कीं, ५० हा आंकडा अतिशयोक्तीचा आहे. आक्षेप वाजवी होता. नागपूरच्या उन्हाविषयीं अतिशयोक्ति माणसेंच करतात असें नाहीं, यंत्रेंही करतात: मे २०२४ च्या अखेरीस शहरांतील एका स्वयंचलित केंद्रानें ५६ अंश दाखविले, देशभर बोभाटा झाला, आणि मग हवामान खात्यानें सांगितलें कीं, त्याचा संवेदकच बिघडलेला होता. म्हणून आम्हीं एकाऐवजीं दोन उष्णतामापक आणविले आणि वैशाखांतल्या एका दुपारीं तीन वाजतां जागोजागीं ठेवून पाहिले. उत्तरेच्या भिंतीच्या सावलींत ४४. गॅरेजांत पत्र्याखालीं ४९. गच्चीच्या स्लॅबवर, ज्या मार्गानें तार जावयाची होती त्या मार्गावर, पाइपाच्या एका तुकड्यांत सरकवून ठेविलेला उष्णतामापक ५८ वर जाऊन थांबला. दोन्ही मापकांत अर्ध्या अंशाहून अधिक फरक नव्हता. ५८ अंशांना सवड उरते बारा अंशांची. तेवढ्यांत दहाचीही तार ३१ च्या वर जाऊं शकत नाहीं.

"पण आपण रात्रीं चार्ज करणार ना, बाबा," चिरंजीव म्हणाले.

हेंही खरें. परंतु स्लॅब मध्यरात्रीपर्यंत निवत नाहीं, हें गच्चीवर अंथरूण टाकणाऱ्या प्रत्येक नागपूरकरास ठाऊक आहे. आणि रविवारीं दुपारीं अचानक रामटेकला जावयाचें ठरलें, तर मोटार रात्रीची वाट पाहत बसणार नाहीं. भिंतींत पुरलेली तार मालकाच्या चांगल्या संवयींवर विसंबून ठेवणें आम्हांस प्रशस्त वाटलें नाहीं.

हें सारें बोलणें मातोश्री पलंगावरून ऐकत होत्या. त्यांनीं विचारलें, "अरे, तार तापते म्हणतोस, मग ती रात्रभर माझ्या उशाशीं तापत राहणार का?" या प्रश्नाचें उत्तर आंकड्यांत देतां येत होतें, आणि तें दिल्यावर चिरंजीवांचाही आवाज खालीं आला. चारच्या तारेचा जातां-येतां साठ मीटरांचा रोध सुमारें ०·३ ओहम. त्यांतून ३२ अँपियर गेले तर ३०० वॅट तारेंतच जळतात. जुने शंभर-शंभर वॅटचे तीन दिवे पाइपाच्या पोटांत तीस मीटरभर पसरून लावून ठेवावे, तसें तें होतें. दाबही साडेनऊ व्होल्टांनीं उतरतो. दहाच्या तारेंत हेच ३०० वॅट ११७ वर येतात आणि दाबाची उतार चार व्होल्टांच्या आंत राहते. पैशाच्या दृष्टीनें हा फरक क्षुल्लक आहे, महिन्याला आठ-नऊ युनिटांचा. विजेच्या बिलाकडे पाहून कोणी जाड तार घेणार नाहीं. प्रश्न ती उष्णता कोठें निघते याचा आहे.

वायरमनपाशीं एक शेवटचा तोडगा होताच: तार चारचीच ठेवावी आणि संरक्षणाला एमसीबी लावावा. एमसीबी हवाच, पण त्याचें काम काय, याविषयीं सुशिक्षित घरांतही मोठा गैरसमज आढळतो. तो मोटारीसाठीं नसतो. तारेला झेपेल त्याहून अधिक प्रवाह तिच्यांतून जाऊं नये, यासाठीं असतो. म्हणून त्याचा आंकडा तारेवरून ठरावयाचा. ३२ ची मागणी आणि २३ ची तार यांच्यामध्यें कोणताही एमसीबी प्रामाणिकपणें बसूं शकत नाहीं: लहान लावला तर मोटार चालूं देणार नाहीं, मोठा लावला तर तार वांचविणार नाहीं. त्यांत उन्हाळ्याची आणखी एक खोडी आहे. एमसीबीच्या आंत दोन धातूंची जोडपट्टी असते. प्रवाहानें तापून ती वाकते आणि कळ पडते. तिचीही जुळणी ३० अंशांवर केलेली. पत्र्याखालच्या डी. बी. त ती आधींच अर्धी तापलेली असते, म्हणून ३२ चा एमसीबी ३२ च्या आंतच पडूं लागतो. घरची मंडळी कंटाळतात, वायरमनला बोलावतात, आणि तो ४० चा लावून देतो. त्यानंतर एमसीबी पडत नाहीं व सर्वांचें समाधान होतें.

आमच्या लहानपणीं हाच प्रकार चिनीमातीच्या फ्यूजमध्यें चालत असे. एका शेजाऱ्यांकडे कूलर लावला कीं फ्यूज उडे. त्यांनीं एके दिवशीं वायरींतले तांब्याचे दोन-तीन तंतू पिळून तेथें बांधले, आणि उन्हाळाभर फ्यूज उडाला नाहीं. साऱ्या आळींत त्यांच्या युक्तीची वाहवा झाली. पुढल्या ज्येष्ठांत त्यांच्या माजघराच्या लांकडी पट्टींतून धूर निघाला. फ्यूज तेव्हांही शाबूत होता. सुदैवानें घरांत मंडळी जागी होती. एक दार आणि लग्नांतला शालू यांवर निभावलें.

वाडींत या गोष्टी आतां कोणी हंसण्यावारी नेत नाहीं. करोनाच्या दुसऱ्या लाटेंत, ९ एप्रिल २०२१ रोजीं, येथील एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागांत आग लागून चार जणांचे प्राण गेले. सुरुवात वातानुकूलन यंत्रापासून झाली, असें त्या वेळीं सांगण्यांत आलें. बरोबर तीन महिन्यांपूर्वीं, ९ जानेवारीस, भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयांत नवजात बालकांच्या कक्षांत आग लागून दहा अर्भकें दगावलीं होतीं. तेथें नेमकें काय घडलें याचा निवाडा करण्याचा अधिकार आमचा नव्हे. उठून पळतां न येणाऱ्या माणसांच्या उशाशीं आग निघाली, एवढेंच त्यांतलें आमच्या मनांत रुतून राहिलें आहे. आणि आमच्याही घरीं अशी एक व्यक्ति आहे.

आम्ही हें सर्व बोललों तेव्हां वायरमन कांहीं वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, तुमचं बरोबर आहे. स्लॅबवरची जुनी वायर काढतों तं हातांत भुगा होते तिचा. पण दहाची सांगितली तं लोक म्हणतात, हा दुकानांतून कमिशन खाते. म्हणून मी चारचीच सांगतों."

हें उत्तर आम्हांस दुकानाच्या पत्रकापेक्षां अधिक मोलाचें वाटलें. जाड तार सुचविणाऱ्या कारागिरावर लबाडीचा आणि बारीक तार सुचविणाऱ्यावर काटकसरीचा शिक्का मारणारे आपणच. वीस वर्षें जुन्या तारा हातानें काढणाऱ्या मनुष्याला जें ठाऊक होतें तें त्यानें बोलून दाखवूं नये, अशी व्यवस्था आपल्या घासाघिशीनें करून ठेविली आहे. त्याचें ज्ञान विकत घेण्यास आपण तयार असतों, फक्त तें स्वस्त निघालें पाहिजे.

पुढचा निर्णय मग त्याच्याशीं बसूनच झाला. स्लॅबचा आणि मातोश्रींच्या भिंतीचा मार्ग सोडला. तार उत्तरेच्या भिंतीनें, बाहेरून, सावलींतून न्यावयाची. त्यानें चार मीटर वाढतात, पण ऊन लागत नाहीं. तार दहाची, तांब्याची, मध्यें एकही सांधा नाहीं. दहाची तार नेहमींच्या पाइपांत ओढली जात नाहीं, म्हणून पाइपही मोठा. आणि टोकांना लग दाबून बसविलेले, कारण जाड तार नुसती स्क्रूखालीं चेंगरली तर तेथेंच ती सैल होऊन तापते. गॅरेजच्या डी. बी. त ३० मिलिअँपियरचा आर. सी. सी. बी. बसला, ओल्या हातानें कूलर हलविणाऱ्यांच्या या प्रांतांत तो नसेल तर बाकी सर्व शोभेचें आहे. न्यूट्रल आणि अर्थिंग त्या पेटींत एकत्र बांधावयाचें नाहीं, हें वायरमनला सांगावें लागलें नाहीं.

राहिला ३२ अँपियरांचा प्रश्न. आमच्या मीटरचा मंजूर भार एवढी मागणी पेलण्याजोगा नव्हता. तो वाढवून घेण्यासाठीं महावितरणकडे अर्ज करणें प्राप्त होतें. तो करावयाचाच आहे. पण तोंपर्यंत पेटी १६ अँपियरांवर ठेवावी, असें आम्हीं सुचविलें. साठ किलोमीटरांना नऊ-दहा युनिटें लागतात. साडेतीन किलोवॅटांनीं तीं तीन तासांत भरतात, आणि मोटार रात्रीं नऊपासून सकाळीं सातपर्यंत उभीच असते. प्रवाह निम्मा म्हणजे तारेंतली उष्णता चतुर्थांश. चिरंजीवांनीं दोन दिवस नाराजी दाखविली. घाई कसली आहे, याचें उत्तर मात्र त्यांना देतां आलें नाहीं. मुख्य फलकाशीं सध्यां २५ चा एमसीबी आहे. तार मोठी आणि एमसीबी लहान, याला कोणत्याही शास्त्राची हरकत नाहीं. भार मंजूर झाल्यावर एमसीबी बदलतां येईल, भिंतीवरची तार तीस वर्षें तीच राहील.

खर्च चारच्या तारेपेक्षां कांहीं हजारांनीं वाढला. सौभाग्यवतींनीं तो हिशेब पाहून घेतला व एवढेंच विचारलें कीं, याच पैशांत स्वयंपाकघरांतली वाहिनीही बदलून घेतली असती तर? प्रश्न योग्य आहे, आणि दिवाळीच्या आधीं त्यालाही हात घालावा लागेल असें दिसतें. तेथें अजून वडिलांच्या वेळची ॲल्युमिनियमचीच तार आहे.

गॅरेजमागें अर्थिंगचा नवा खड्डा खणला तेव्हां वाडीची काळी माती हातभर खोलवर भेगाळलेली निघाली. पाट पुरून, मीठ आणि कोळसा भरून वायरमननें वर एक नळी ठेविली. माती कोरडी पडली कीं अर्थिंग नांवालाच उरतें. म्हणून मृगाचा पाऊस येईपर्यंत आठवड्यांतून दोनदां तेथें दोन बादल्या पाणी ओतावयाचें, असें तो बजावून गेला. हें काम चिरंजीवांकडे आहे. मंगळवारीं आणि शनिवारीं, ते कारखान्यांतून आले कीं, आंतून मातोश्रींचा आवाज येतो: "बादली ओतलीस का रे?"